काल मामाजी उपाशी राहिले

प्रिय आई,

काल मामाजी माझ्यामुळे दिवसभर उपाशी राहिले. हे दुसऱ्या कुणाला सांगू? तुम्ही असता तर आधी रागावला असता, मग सगळं ऐकून घेतलं असतं. आता त्यांचा डोळा लागलाय, म्हणून लिहायला बसले.

लग्न होऊन आले तेव्हा माझी इंजिनीअरिंगची पुस्तकं पेटीतून तुम्हीच बाहेर काढलीत. मला पुढं मेकॅट्रॉनिक्समध्ये एम.टेक. करायचं होतं म्हटलं, तर विचारलंत, "ते काय असते वं?" मी म्हटलं, "मशीनला हात-डोळे द्यायचे, थोडी अक्कलही द्यायची." तुम्ही ओसरीवर बसलेल्या मामाजींकडं पाहून म्हणालात, "मंग जराशी तुह्या सासऱ्याले देजो!" किती हसलो आपण! नागपूरच्या कॉलेजात माझा नंबर लागला. तुम्ही एकट्या म्हणालात, "पोरगी शिकन. घर मी पायतो."

आणि पाहिलंत. मामाजींना लकवा मारला, उजवी बाजू गेली, तरी वरठी स्टेशनवरून सुटणारी माझी सकाळची नागपूरची गाडी तुम्ही एकदाही चुकू दिली नाहीत.

त्या दिवशीही नाही. तुम्ही छातीला हात लावून पायरीवर बसला होतात. मी थबकले. "काहून उभी हायस? जा, गाडी चुकन." आणि मी गेले, आई! लॅबमध्ये रोबोटच्या हाताला मोटर जोडत होते, तेव्हा तुमच्या सुधीरचा फोन आला. घरी पोचले तोवर तुम्ही गेल्या होतात. का गेले मी? आणि तुम्ही तरी का पाठवलंत?

तेरवी झाली, पाहुणे पांगले. कॉलेज सोड, असं कुणीच म्हटलं नाही. तुमची लेक जाताना एवढंच म्हणाली, "बाबाचं आता तुह्यावरच हाय, वर्षा." सुधीर मान खाली घालून चपला शोधत राहिले. कालपर्यंत तीन महिने मी घर सोडलं नव्हतं. मामाजी मी भरवलं तरच खातात. नळावर गेले तरी हाका मारतात. एक विचारू, आई? आपल्या दोघींशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची सवय तुम्ही त्यांना का लावली नाहीत? पोटच्या मुलाच्यासुद्धा?

परवा सरांचा फोन आला. प्रोजेक्ट चालवून दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द होईल. सुधीरना म्हटलं, एक दिवस घरी थांबा. त्यांनी प्लांटमधून सुट्टी मिळवली. काल निघताना मामाजींनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "जाऊ नोको, बाई." एकेक बोट सोडवलं मी.

गाडीत बसते न बसते तोच सुधीरचा फोन. "बाबा थुकून देऊन राहिले. वापस येतेस का?" गाडी अजून उभी होती. उतरता आलं असतं. "वरण पातळ करा," म्हटलं आणि फोन ठेवला.

रोबोटच्या हातानं तीनदा डबी नीट उचलून ठेवली, चौथ्यांदा पाडली. सर म्हणाले, "गुरुवारी परत दाखवा."

संध्याकाळी आले तर ताट तसंच. बाजूला सुधीर, शर्टभर वरण सांडलेलं. मामाजी माझ्या हातचं सगळं जेवले, पण एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. खरं सांगू? गाडीत तो तासभर मला बरं वाटलं होतं. खूप बरं वाटलं होतं. त्याचीच जास्त लाज वाटली.

डिग्री पूर्ण करीन असं वचन देत नाही. तुमच्याशी खोटं कधी बोलले नाही, आता काय बोलू! एवढंच सांगते, आजपासून एक वेळचं जेवण सुधीर भरवतील आणि मी उठून आत जाईन. गुरुवारी मामाजी जेवले तरी मी जाईन, आणि नाही जेवले तरी जाईन.

तुमची सून,
वर्षा