तीन बादल्या हॉर्सरॅडिश

११ फेब्रुवारी

चि. टिल्लूस अ. आ.

तुझं पार्सल पोचलं. ओल्या चिंधीतले ते तीन तुकडे बघून मला आधी वाटलं, पोस्टाने कुणाच्या तरी पायाची बोटं आली. हेच तुझं हॉर्सरॅडिश, मोहरीसारखं नाकात झोंबणारं परदेशी मूळ. शेजारणीला नाव उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्याला घोडमुळा म्हणायला लागलो.

अण्णांचं तसंच आहे. त्या तापाला आठ महिने झाले, नाक अजून मेलेलंच. दूध उतू जाऊन जळालं तरी शेजारच्या खोलीत शांत बसून होते. ज्या माणसाने अडतीस वर्षं हॉटेलच्या भटारखान्यात नुसत्या वासावरून मीठ कमी आहे की जास्त ते सांगितलं, तो आता औषध घेतल्यासारखा जेवतो. डॉक्टर म्हणतात, वास परत येईल किंवा येणार नाही. एवढं सांगायला शिकावं कशाला लागतं, कोण जाणे.

तुझं म्हणणं, हे मूळ ताजं किसलं की मेलेलं नाकसुद्धा उठून बसेल. इथल्या बाजारात ते मिळत नाही, म्हणून घरी लावायचं. ठीक आहे. तू लांबून कल्पना लढवायच्या आणि चौथ्या मजल्यावर मातीची पोती मी चढवायची, ही आपली जुनीच वाटणी. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासून माझे खांदे आधीच भरून येतात. तरी तीन खोल बादल्या आणल्या आणि गॅलरीत एकेक तुकडा लावला. कोणतं टोक वर, हे तू लिहिलं नाहीस. अंदाजाने खोचले.

लोभ आहेच, थोडा कामातही दाखव.

तुझी ताई

२ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तिरकं कापलेलं टोक खाली, सपाट टोक वर. उलटं लावलं असशील तर आत्ताच काढून नीट लाव. त्यानंतर मात्र कुणीही हात लावायचा नाही. मूळ एकदा खाली जायला लागलं की त्याला त्रास नको, नाहीतर त्याला फाटे फुटतात आणि ते पोसत नाही. बादल्यांना खाली भोकं पाडलीस ना? माती ओलसर हवी, पण चिखल नको. काढायचं थंडी पडल्यावर, म्हणजे दहाएक महिन्यांनी.

तू रागावणार हे ठाऊक होतं. पण मला दुसरं काही सुचत नाही गं. मी दिवसभर इथल्या हॉटेलात सॉसच्या शेगडीवर उभा असतो. हे काम मला अण्णांनी शिकवलं. रोज काहीतरी चाखतो आणि वाटतं, हे त्यांना विचारावं. मग आठवतं. दर आठवड्याला त्यांना वेगळं कार्ड टाकतो आणि काही वास लागतोय का ते विचारतो. त्यांचं एकही उत्तर नाही. तू जरा त्यांना लिहायला सांग.

तुझ्या शिव्यांसकट सगळं पत्र वाचतो, तेव्हा हात आखडता घेऊ नकोस.

तुझा टिल्लू

२० जून

चि. टिल्लूस अ. आ.

तुझ्या घोडमुळ्याने मला रडकुंडीला आणलंय. पहिल्या बादलीतलं झाड हातभर वाढलं होतं. चार दिवस नजर चुकली तर हिरव्या अळ्यांनी पानांच्या नुसत्या शिरा ठेवल्या. झाड त्यातून सावरलंच नाही. दुसरी बादली सडली. भोकं मी स्वतः पाडली होती, पाणी मोजून घालत होते, तरी माती कायम थबथबलेली. शेवटी उपसली तर आत घाण वास मारणारा लगदा. पूर्ण वर्षात या घरात एवढा जोरदार वास आला नव्हता आणि ज्यांच्यासाठी आटापिटा केला, त्यांना तो आला नाही.

आता मुख्य गोष्ट. काल दुकानातून लवकर घरी आले. बघते तर अण्णा गॅलरीत बसून तिसरी बादली चमच्याने उकरतायत. मूळ अर्धं बाहेर. मी विचारलं, हे काय चाललंय. तर म्हणाले, किती वाढलं ते बघत होतो. आणि हे पहिल्यांदा नव्हतं रे, माती आधीही दोनतीनदा भुसभुशीत दिसली होती. माझा तोल सुटला. मी त्यांना म्हटलं, तुमच्यासाठी आम्ही मरमर मरतो आणि तुम्हाला एक बादली सांभाळता येत नाही. त्यांनी चमचा धुऊन जागेवर ठेवला आणि आत गेले. आज सकाळपासून माझ्याशी बोललेले नाहीत.

मूळ परत लावलंय. जगेल ते जगेल. मी थकलेय. तू दोन दिवस तरी येऊन जा.

माझा राग पोटात घाल.

तुझी ताई

९ डिसेंबर

चि. टिल्लूस अ. आ.

तू आला नाहीस. रजा मिळत नाही हे तुझं कारण आता मला पाठ झालंय.

रविवारी बादली उलटी केली. दहा महिन्यांचं पीक म्हणजे करंगळीएवढं मूळ, तेही चार फाटे फुटलेलं. तरी धुतलं, सोललं. अण्णांनी किसणी माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः किसलं. वाटी नाकाखाली धरली मात्र, त्यांचे डोळे घळाघळा वाहायला लागले. नाक लाल झालं, ठसका लागला. मी वेडीसारखी शेजारणीकडे धावले आणि सांगितलं की अण्णांचं नाक आलं. अण्णा नुसते हसले.

मंगळवारी डॉक्टरांना सांगायला गेले. त्यांनी शांतपणे समजावलं, हा वास नव्हे, ही झोंबणी. ती वेगळ्या नसेने कळते, कांदा चिरताना डोळे चुरचुरतात तशी. ज्याला वास मुळीच येत नाही, त्यालाही झोंबतं. दहा महिने, टिल्लू. ही गोष्ट मी फेब्रुवारीत एका वाक्यात विचारू शकले असते. तूही.

दोन दिवस अण्णांना काही सांगितलेलं नाही. आज रात्री जेवताना सांगेन. मग तू त्यांना पत्र लिही, पण कृपा करून नवीन उपाय सुचवू नकोस.

तुझी ताई

१५ डिसेंबर

चि. टिल्लूस अ. उ. आ.

तुझी सगळी कार्डं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न एकच होता आणि उत्तर दर वेळी नाही हेच होतं.

ताईने मला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. सांगताना ती रडली. खरं तर मला त्याच क्षणी कळलं होतं. भटारखान्यात परदेशातून मागवलेलं हे मूळ मी पोत्याने किसलंय. झोंबणं वेगळं आणि त्यामागून येणारा वास वेगळा. वास आला नाही. पण ताई चप्पल न घालता शेजारी धावली, तिला कसं थांबवणार? दोन दिवस तिला आनंदात राहू दिलं. त्यात चूक माझी.

आणखी एक कबूल करतो. दुसऱ्या बादलीत पाणी मी ओतत होतो, ती कामावर गेली की. तिसरी उकरली तीही बघण्यासाठी नाही. हे मूळ तयार होईल, तुम्ही दोघं ते माझ्या नाकाखाली धराल आणि मला काही कळणार नाही, त्या दिवसाची मला भीती वाटत होती. पीकच आलं नाही तर परीक्षा टळेल, असा म्हाताऱ्याचा हिशेब. हे मी ताईलाही सांगितलं. ती मग म्हणाली, हे आधी सांगितलं असतंत तर माझे खांदे वाचले असते. नंतर तिने मला वाढलं.

नाक गेलं ते गेलं. मला ते कळून बरेच महिने झाले, तुम्हाला कळायचं होतं. तू रजा काढून ये. तुझ्या हातचं काहीतरी कर. मला चव सांगता येणार नाही, पण कढईचा आवाज अजून ऐकू येतो. आच जास्त झाली तर आतल्या खोलीतून सांगेन. आणि जेवायला बसल्यावर तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडे बघत बसू नका. आपापलं जेवा. मला तेवढंच हवंय.

येण्याची तारीख कळव, कारणं नकोत.

तुझे अण्णा