रंगाचं वर्ष

१४, लँबर्न टेरेस,
होव्ह
११ मे १९७८

प्रिय एडिथताई,

दहा वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र शेगडीत टाकू नकोस, आधी वाच. मी ठणठणीत आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात. लीड्सला तू मजेत आहेस असं कळलं, बरं वाटलं.

यंदा पुन्हा आपल्या घरांच्या ओळीला एकत्र रंग द्यायचं वर्ष, रंगाचं वर्ष. अठ्ठावीस घरं आणि रंग तोच, सायीचा. बावीस नंबरच्या मिसेस ऑर्डला दरवाजा निळा हवा होता. रहिवाशांच्या सभेत तिला असं काही झापलं, की आता ती मुकाट्याने सगळ्यांसारखा काळा लावते आहे. समोर परांची बांधली आहे. खिडकीबाहेर माणसं चहा पीत बसतात, त्यामुळे मला दिवसभर सोबत असते. खरंच छान चाललं आहे.

गवंडी मिस्टर प्यू रंगाआधी गिलावा बोटांनी ठोकून बघतात, डॉक्टर छाती ठोकतात तसा. सोमवारी माझ्या बाल्कनीच्या वर, वरच्या मजल्यावरच्या तुझ्या खिडकीखाली ते थांबले.

"बाई, इथे कुठल्या शहाण्याने सिमेंट थापलंय?"

"का? सिमेंट तर पक्कं असतं."

"तीच तर बोंब आहे! चुना श्वास घेतो, हे घेत नाही. कडेने फट पडते, पाऊस आत शिरतो आणि खालच्या छतात उतरतो. कोणी केलं हे?"

"मला काय माहीत," असं म्हणून मी आत आले.

ताई, ते मीच थापलं होतं. मागे एका रंगाच्या वर्षी तिथे भेग दिसली. गवंड्याची वाट कोण बघणार? तू बाहेर गेली होतीस तेव्हा शिडीवर चढले आणि केकच्या सुरीने सिमेंट भरलं. वर पट्टी धरून दगडाच्या सांध्याची खोटी रेघही ओढली. आपली ओळच तशी, बाहेरून दगडी रुबाब आणि आत साध्या विटा. मी तिथे शोभते.

मग माझ्या छताला डाग पडला. तू म्हणालीस, "मेव्हिस, पाणी बाहेरून येतंय, भिंत तपास." मी म्हटलं, "आधी तुझा न्हाणीतला टब तपास, तोच गळतोय." आणि भरसभेत तुला निष्काळजी ठरवलं. नाताळच्या आत तू घर सोडून लीड्सला गेलीस.

तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. पण तू गेल्यावर भाडेकरू येईपर्यंत वरचं घर बंद होतं, टब कोरडा होता आणि तरी डाग वाढतच राहिला. तेव्हा मला संशय आला होता. मी छताला रंग फासला आणि गप्प बसले. याची मला फार लाज वाटते.

मंगळवारी मिस्टर प्यूंना खरं सांगितलं. ते म्हणाले, "रेघ मात्र सरळ ओढलीत हो!" सिमेंट काढून आता तिथे चुना भरला आहे.

काल सभेत उभी राहून सगळं बोलले. मिसेस ऑर्ड म्हणाली, "चला, माझ्या निळ्या दरवाजापेक्षा मोठा गुन्हा सापडला एकदाचा!" सगळे हसले, मीही हसले. किती वर्षांनी एवढं हलकं वाटलं!

तुझे भाडेकरू जूनअखेर जाणार आहेत. परत ये म्हणायचा हक्क मी गमावला आहे, हे मला कळतं. पण या ओळीत तुला नावं ठेवणारं आता कोणी नाही. तरीही म्हणते, ये.

तुला खोटं पाडणारी, तुझीच धाकटी
मेव्हिस