आत्याचं वायफाय डोंगल

केनवड, ता. रिसोड
२२ डिसेंबर २०२५

चि. स्नेहास,
आत्याचा जयभीम आन् अ. उ. आ.

वि. वि. प्रज्वलनं परवा तुझं कॉम्प्युटर सुखरूप आणून देलं. वायरी जोडल्या, दोन घास खाल्ले आन् लगेच नागपूरच्या गाडीले निंगाला. दुसऱ्या दिवशी त्याले ड्युटी होती म्हणे. तुझा भाऊ आहे, पण बसणं त्याले माहीत नाही.

पडदा छान दिसते. पण नेट येऊन नाही राह्यलं. मागं जे बोटाएवढं डोंगल खोसलं आहे त्याचा दिवाच लागत नाही. शेजारच्या जानरावभाऊनं आपल्या वायफायचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून देला. खाली लिहिलं की लागल तेवढे दिवस वापरा. त्यायचं वायफाय आपल्या खिडकीपर्यंत येते, पण आपलं कॉम्प्युटर ते घेतच नाही.

मी घाई काहून करून राह्यली ते सांगते. अकोल्याच्या माझ्या जुन्या मूकबधिर शाळेच्या मोठ्या बाईचं पत्र आलं आहे. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर हेमला नावाची बाई राह्यते. तिची पोरगी सपना पाच वर्सांची आहे. जन्मापासून तिले आयकू येत नाही. शाळेच्या वसतिगृहात जागा जूनमधीच भेटन. तोवर त्या पोरीजवळ एकही शब्द नाही. राग आला की सोताचाच हात चावते. भूक लागली का पोट दुखते, हे मायले समजत नाही. बाईंनी विचारलं की रोज अर्धा तास कॉम्प्युटरवरून त्या मायलेकीले हातभाषा शिकवशील काय. तिकडं अंगणवाडीच्या ताईजवळ टॅब आहे. सुरुवात १२ जानेवारीले, सकाळी अकराले.

मी हो कळवून टाकलं. माझे कान नऊ वर्सांची असताना तापात गेले. तोवर आपली बोली कानात भरून झाली होती, म्हणून आजही तुले अशी लिहू शकते. त्या पोरीजवळ तेवढंही नाही. माझा फोन बटणाचा. मोठा घेतला तरी एका हातात धरला की बोलाले एकच हात उरते. कॉम्प्युटरसमोर दोन्ही हात मोकळे राह्यतात.

आता काय करू ते कळव. रवीदादाले आन् वहिनीले जयभीम.

तुझी वाट पायणारी,
रत्नमाला आत्या


पुणे
२६ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र बाबांनी आधी वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, माझी बहीण मास्तरीण झाली. दिवसभर ते तेच सांगत होते, दूधवाल्यालासुद्धा.

चूक माझी आहे. या कॉम्प्युटरवरच्या जुन्या विंडोजची देखभाल ऑक्टोबरात थांबली, आणि नवी विंडोज एवढं जुनं मशीन स्वीकारत नाही. म्हणून मी त्यावर लिनक्स टाकलं. ते चांगलं आहे, फुकट आहे, तुझ्या कॅमेऱ्यालाही चालतं. पण इथे घरी मी ते वायरच्या नेटवर तपासलं. वायफायचं डोंगल चालतं का, हे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दहा वर्षं काम करते आणि घरच्या माणसाचं मशीन अर्धवट तपासून पाठवते, याला काय म्हणावं.

सगळी डोंगलं दिसायला सारखीच असतात. पण तुझ्या शिलाई मशीनची बॉबिन कशी, दिसायला तीच आणि दुसऱ्या मशीनची घातली की धागा अडकतो, तसं यांच्या पोटातल्या चिपचं आहे. आमच्या लॅबमध्ये एक डोंगल याच लिनक्सवर निमूट चालतं. त्याच नावाचं नवं डोंगल मागवून सोबतच्या पार्सलात घातलं आहे. ते लाव.

तरीही नाहीच चाललं तर एक कर. कंट्रोल, आल्ट आणि टी ही तीन बटणं एकदम दाब. काळी खिडकी उघडेल. त्यात एल, एस, यू, एस, बी ही लहान इंग्रजी अक्षरं लागोपाठ लिहून एंटर मार. बऱ्याच ओळी येतील. डोंगल काढून पुन्हा तेच केलंस की जी ओळ गायब होईल, ती त्याची. आमच्या लॅबमधल्या डोंगलाच्या ओळीत शून्य-सी-एफ-तीन, मग दोन टिंबं आणि ९२७१ असं येतं. घाईचं काही असलं तर मी जानरावकाकांच्या फोनवर मेसेज टाकीन.

आत्या, एक लिहायचं राहून जातं नेहमी. लहानपणी मी किती अडखळायचे ते आठवतं ना. वर्गात माझं नाव सांगायलाही मला घाम फुटायचा. शाळेतून आले की तुझ्यासमोर बसून हातांनी दिवसभराचं सांगायचे, तेव्हा एकदाही अडखळले नाही. मला सांगता येतं हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. सपनाला तू मिळते आहेस, ती नशिबाची पोर आहे.

तुझ्या मायेची ऋणी,
स्नेहा


केनवड
२ जानेवारी २०२६

चि. स्नेहास,
आत्याचा जयभीम आन् भरभरून आशीर्वाद.

वि. वि. पार्सल भेटलं. बाई, तुझं नवं डोंगलही मुकंच निंगालं. रडू नको. मी काळी खिडकी उघडली, पाच अक्षरं लिहिली, डोंगल काढून-घालून ओळ पकडली. शून्य-सी-एफ-तीन नाही, २३५७ आहे. पुढं ९२७१ बी नाही, ०१०सी आहे. मंग खोका उलटा-पालटा करून पायला. नाव तेच आहे जे तू लिहिलं, पण तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात व्ही-३ छापलं आहे. तुझ्या लॅबमधलं जुनं पायलं तर व्ही-१ असन. कापडाचं असंच असते, शिक्का तोच आन् ताग्यातलं सूत बदललेलं.

म्हणून मी सोता रिसोडले गेली. तिथी मोहनसिंग नावाच्या माणसाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी त्याले वहीत लिहून देलं की मले ऐकू येत नाही, लिनक्सवर चालणारं डोंगल पायजे, आतला नंबर असा पायजे. त्यानं एक चकचकीत खोका काढला आन् वहीत लिहिलं की हे सगळ्याइले चालते. मी खोका वाचला. आत सीडी होती, आन् लिनक्सचं नावही नव्हतं. मी लिहिलं की हे नको. त्यानं दुसरा काढला. मी लिहिलं की याचा नंबर दाखवा. तो जरा तापला असन, कारण दुकानातल्या गिऱ्हाइकाकडं पाहून काहीतरी बोलला आन् दोघंही हासले. मी स्टुलावर बसून राह्यली.

मंग त्यानं विचारलं की कायसाठी पायजे. मी सपनाचं लिहून देलं, दीड पान झालं. त्यानं ते दोनदा वाचलं. त्याच्यानंतर जुन्या कॉम्प्युटरातून काढलेल्या डोंगलाचा डबा काढला आन् एकेक आपल्या मशीनले लावून नंबर मले दाखवत गेला. चौदा लावले. ९२७१ एकही नाही. शेवटी लिहिलं की वाशीमले त्याच्या दोस्ताकडं जुन्या मालाचं पोतं आहे, तिथी पायतो, पण वेळ मंगळवारी भेटन, १३ तारखेले. माझं तर काम सोमवारपासून आहे.

हेमला रोज चालत अंगणवाडीपर्यंत येणार आहे. पहिल्याच दिवशी पडदा काळा दिसला तर ती दुसऱ्या दिवशी येणार काय, याची मले काळजी लागली आहे. लोकायनं तिले आजपर्यंत आशाच दाखवल्या असतीन.

तू मनाले लावून घेऊ नको. तुझ्यामुळं मले काळी खिडकी उघडता आली.

लोभ आहेच, तो वाढव.
रत्नमाला आत्या


पुणे
६ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं बरोबर आहे. आज लॅबमधलं डोंगल काढून बघितलं, तळाला व्ही-१ आहे. एकाच नावाखाली चिप बदलली आणि मी खोक्याच्या नावावर विसंबले. माझ्या सरांना तुझं पत्र दाखवलं. ते म्हणाले, ही बाई आपल्याकडे खरेदीला पाहिजे होती.

लॅबचंच डोंगल पाठवू का विचारलं, पण ते कॉलेजच्या नोंदीतलं, बाहेर देता येत नाही. व्ही-१ मी इथे तीन दुकानांत शोधलं, मिळालं नाही. परीक्षेचे दिवस असल्यामुळे रजाही नाही. जानरावकाकांच्या फोनवर मी फक्त एवढाच मेसेज टाकला की डोंगल तेरा तारखेपर्यंत येणार नाही. त्यांना आणखी काही मागायला जीभ वळली नाही, बोटंही वळली नाहीत. त्यांच्या घरी आपण किती आणि काय मागायचं, हे लहानपणापासून मनात बसलेलं आहे.

शाळेच्या बाईंना एक दिवस पुढे ढकलायला सांगू का? तू म्हणशील तसं.

तुझ्या आशीर्वादाची गरज असलेली,
स्नेहा


केनवड
१५ जानेवारी २०२६

चि. स्नेहास,
आत्याचा जयभीम. सुखी राय.

वि. वि. काही पुढं ढकलावं लागलं नाही. नीट बसून वाच.

सोमवारी सकाळी नऊले जानरावभाऊ आन् त्यायची बायको प्रयागबाई दोघंही दारात. जानरावभाऊनं मोबाइलवर तुझा मेसेज दाखवला, मंग कॉम्प्युटरकडं बोट केलं, मंग आपल्या घराकडं. त्यायच्या घरी वायफायच्या डब्ब्यातून वायरही निंगते, ती थेट कॉम्प्युटरात खोसता येते, असं त्यायनं चिठ्ठीत लिहून आणलं होतं. कॉम्प्युटरचा डब्बा त्यायनं उचलला, पडदा प्रयागबाईनं पदराखाली झाकून नेला, मी कीबोर्ड आन् कॅमेरा घेऊन मागं.

त्या ओसरीवर मी तीस वर्सं ब्लाउज द्याले जाते. उभ्यानं देते आन् येते. सोमवारी प्रयागबाईनं आतून खुर्ची आणली, सोता पुसली, आन् मले खांद्याले धरून बसवलं. मी तुले खरं सांगते, मले पयलेच दहा मिनिटं हात उचलता येईनात. परक्या घरात हातानं बोललं की लोकं पायतात, पोरं नक्कल करतात, म्हणून मी जन्मभर बाहेर हात पदरात ठेवले. पण अकराले पडद्यावर हेमला दिसली. बारीकशी बाई, कपाळावर घाम, मांडीवर पोरगी. पोरीनं तोंड फिरवून घेतलं होतं. मंग माझे हात आपोआप उठले.

पयल्या दिवशी सपनानं काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी बी नाही. फक्त पायत होती. बुधवारी अंगणवाडीच्या ताईनं तिले दुधाचा गिलास देला. तिनं ढकलला, हात चावाले तोंडाशी नेला. मी इकडून जोरात हात हालवले. ती थांबली. मी तिले 'नको' करून दाखवलं. एकदा, दोनदा. चौथ्या खेपेले तिनं हेमलाच्या तोंडासमोर हात नेऊन केलं, नको. हेमलानं गिलास बाजूले ठेवला. पोरगी गिलासाकडं पाहू लागली, मंग मायकडं. मंग लाडूले नको, पाण्याले नको, ताईच्या टिकलीले नको. जे दिसन त्याले नको. हेमला रडून राह्यली होती. ताईनं पडद्यावर लिहून सांगतलं की ही बाई म्हणते, माझ्या लेकीनं मले पयल्यांदा नाही म्हटलं.

वळून पायलं तर मागं प्रयागबाई उभी. तिचाही हात नको, नको करून राह्यला होता.

त्याच दुपारी मोहनसिंग सोता गाडीवर आला, सांगितल्यापेक्षा एक दिवस उशिरा. पोत्यातून व्ही-१ सापडलं होतं, जुनं, एका कोपऱ्याले चेपलेलं. आपल्या घरी कॉम्प्युटर परत आणून त्यानंच लावलं. मी काळ्या खिडकीत पायलं, ९२७१. दिवा लागला, पासवर्ड टाकला, नेट आलं. जाताना माझ्या वहीत लिहून गेला की अकरा वर्सं खोक्यावरचं वाचून विकलं, आतलं वाचाले तुमी शिकवलं, आन् त्या दिवशी दुकानात हासलो त्याची माफी द्या. मी त्याले चहा पाजला. आणखी काय देणार.

आता कॉम्प्युटर आपल्या घरी आहे, तरी आज अकराले प्रयागबाई इकडं आली. म्हणते की तिलेही शिकाचं आहे. तीस वर्सं माझ्याशी ओरडून बोलली बिचारी.

तुमा सगळ्यायची आठवण काढणारी,
रत्नमाला आत्या


पुणे
२० जानेवारी २०२६

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. प्रयागकाकूंनी खुर्ची पुसली त्या ओळीपाशी आले आणि पुढचं आईने वाचलं. बाबा बाहेर जाऊन उभे राहिले.

जानरावकाकांना आणि प्रयागकाकूंना मी आज वेगळं पत्र लिहिलं आहे. मागायला जीभ वळत नव्हती, आभार मानायलाही शब्द पुरले नाहीत. मोहनसिंगभाऊंनाही दोन ओळी लिहिल्या. मी चुकीचं डोंगल पाठवलं नसतं तर यातलं काहीच झालं नसतं, असं बाबा म्हणतात. हे ते माझं मन राखायला म्हणतात, तरी मी ठेवून घेतलं.

सपनाचं पुढचं लिही.

तुझी,
स्नेहा


केनवड
९ फेब्रुवारी २०२६

चि. स्नेहास,
आत्याचा जयभीम आन् आशीर्वाद.

वि. वि. सपनाजवळ आता एक्केचाळीस शब्द आहेत. हात चावणं आठवड्यात एखादवेळी, तेही हेमला समजली नाही तर. हेमलाचे शब्द तिच्यापेक्षा जास्त आहेत, ती चुलीपाशी बसून सराव करते म्हणे. शाळेच्या बाईंनी आणखी दोन घरांचं विचारलं आहे. मी हो म्हटलं. ब्लाउजं आता दुपारनंतर.

काल एक गोष्ट झाली. आमच्या हातभाषेत नाव बोटानं अक्षरं काढून सांगत नाहीत, माणसाची काही खूण पकडून देतात, हे तुले माहीत आहे. माझ्या गळ्यात शिलाईची टेप असते, काल घाईत तशीच पडद्यासमोर बसली. अंगणवाडीच्या ताईनं सपनाले विचारलं की ही कोण. पोरीनं दोन बोटं गळ्यावरून खाली छातीपर्यंत ओढली, दोन्हीकडून, टेप लोंबते तशी. मंग माझ्याकडं बोट केलं. पुन्हा ओढली, पुन्हा बोट.

स्नेहा, या गावात मले लोकायनं जन्मभर नावं ठेवली. भैरी म्हटलं, मुकी म्हटलं. काल पयल्यांदा कोणीतरी माझं नाव ठेवलं.

सगळ्याइले जयभीम. जीव लावत राय.
रत्नमाला आत्या