शेकुवेचा घसा

जिल्हेज १, रविवार
आजपासून रोजे. थेट आरफाच्या दिवसापर्यंत, म्हणजे बकरी ईदच्या आदल्या दिवसापर्यंत. बायको म्हणाली, अचानक एवढी भक्ती कुठून आली? मी म्हटलं, भक्तीला मुहूर्त लागत नाही. खरं कारण इथे लिहितो. रोजेदाराची दुवा परत जात नाही, आणि मला एकच दुवा मागायची आहे. शेजारच्या शेकुवेचा घसा बसू दे. कायमचा.

वीस वर्षं आमच्या मशिदीची अजान मी दिली. गेल्या महिन्यात कमिटीने माझ्याकडून काढून ती या मासेविक्याला दिली. कारण काय, तर म्हणे फमाऊची, म्हणजे माझी, वेळ चुकते! चार-पाचदा चुकली असेल. म्हणून काय सूर्य उगवायचा राहिला?

त्याच दिवशी, संध्याकाळ
त्याच्या अजानीवर रोजा सोडायचा नाही, बंदरावरच्या मशिदीची वाट बघायची, असं ठरवलं होतं. पण तो माईकवर नुसता खाकरला आणि खजूर माझ्या तोंडात गेलासुद्धा. उद्यापासून खजूर लांब ठेवायचे.

जिल्हेज ३
पहाटे सहरी खायला जाग आली नाही. बायकोने उठवलं नाही. ती म्हणते, उठवलं होतं, तुम्ही शिवी दिलीत.

दुपारी चुलीपाशी गरम, गोड, तळलेल्या मांदाझी दिसल्या. विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही, हे मशिदीच्या उस्तादांनीच सांगितलंय. एक विसरून खाल्ली. दुसरीही विसरूनच. तिसरी उचलली तेवढ्यात बायको दारात आली आणि मला आठवलं. रोजा शाबूत.

जिल्हेज ५
गल्लीत शेकुवे भेटला. मासळीची टोपली डोक्यावर, तोंडावर ते गोड हसू. म्हणाला, फमाऊदादा, चेहरा सुकलाय, रोजे धरलेत वाटतं? माझ्यासाठीही दुवा करा. मी म्हटलं, तुझ्याचसाठी करतोय रे. बिचाऱ्याचे डोळे भरून आले. मला फार बरं वाटलं.

जिल्हेज ७
पहाटे भिंतीपलीकडून खोकला! कान लावून ऐकला. कोरडा, खोल, मनासारखा.

बायको आलं-लवंगांचा काढा घेऊन त्याच्याकडे निघाली. मी विचारलं, तू कुणाच्या बाजूची? ती म्हणाली, शेजाऱ्याचा घसा बसला तर तुमचं पोट का भरतंय? या बाईला घरात काय चाललंय ते कळता कामा नये.

जिल्हेज ८
आवाज पार गेला! आता मासे खुणांनी विकतो. मी मुद्दाम जाऊन एक बांगडा घेतला आणि भाव तीनदा विचारला.

संध्याकाळी कमिटीचे ब्वानाहेरी दारात. म्हणाले, उद्या आरफा, सगळ्या मोहल्ल्याचा रोजा, रोजा सोडायची मगरिबची अजान तुम्हीच द्या. यांना चांगलं आठवडाभर ताटकळत ठेवायचं, पाय धरायला लावायचं, असा माझा प्लॅन होता. पण त्यांनी वहाणा काढायच्या आत मी हो म्हणून बसलो. जाताना घड्याळाकडे बघा, असं बजावून गेले. अपमानच तो. लक्षात ठेवलाय.

जिल्हेज ९, आरफा, दुपार
आरफाच्या रोज्याने दोन वर्षांची पापं माफ होतात, गेलेल्या वर्षाची आणि येणाऱ्या वर्षाची. एवढी मोठी माफी आज माझ्या एका आवाजावर सुटणार. आज साऱ्या लामू बेटावर पहिली अजान माझी. बंदराच्या आधी, सगळ्यांच्या आधी. मग बघतो, मासेविक्याच्या हाती माईक कोण देतो ते.

त्याच दिवशी, मगरिबनंतर
चूक ढगाची आहे.

मी मिनारावर चढलो तेव्हा सूर्य कुठेच दिसत नव्हता. न दिसणारा सूर्य मावळलेलाच म्हणायचा. घड्याळ बघत बसायला मी काय बोटीचा कारकून आहे? आवाज असा लागला की माझेच डोळे पाणावले. खाली अंगणात सगळ्यांनी खजूर तोंडात टाकले, पाणी प्यायलं. माझी अजान संपली आणि ढग बाजूला सरकला. नारळींच्या शेंड्यांवर चांगला हातभर सूर्य.

ब्वानाहेरी हातात ग्लास धरून वर माझ्याकडे बघत राहिले. बंदराची अजान बऱ्याच वेळाने झाली. तोवर मी खाली उतरलो नाही. उस्ताद म्हणाले, रोजा कुणाचाच राहिला नाही, आणि आरफा आता पुढच्या वर्षी. बायकांच्या दालनातून एक म्हातारी ओरडली, मेल्या, दोन वर्षांची पापं परत आमच्या गळ्यात घातलीस!

जिल्हेज १०, ईद
नमाजनंतर कुणी गळाभेट घेतली नाही. बायकोच्या भावानेसुद्धा नाही. ब्वानाहेरी जाता जाता एवढंच म्हणाले, शेकुवेचा आवाज येईपर्यंत अजान उस्ताद देतील.

शेवटी शेकुवे आला. मला मिठी मारली आणि कानाशी घोगऱ्या आवाजात सांगू लागला. काल घसा इतका सुजला होता, की तुमची अजान झाली तरी घोटभर पाणीसुद्धा आत जाईना. खजूर हातात धरून बसलो होतो, तेवढ्यात ऊन पडलं. दादा, साऱ्या मोहल्ल्यात माझ्या एकट्याचाच रोजा वाचला!

मग माझा हात धरून म्हणाला, तुम्ही माझ्यासाठी दुवा करत होतात ना? हीच ना ती?

मी हो म्हटलं. ईदच्या दिवशी खोटं कसं बोलणार?