इंग्रजीतच विचारायचं

८ डिसेंबर, सोमवार
रहिमतपूरच्या हायस्कुलात रुजू. दीपाली मॅडम बाळंतपणाच्या रजेवर; त्या येईपर्यंत दहावीचं इंग्रजी माझ्याकडे. बी.एड. करून वीस वर्षं औषध कंपनीची बॅग वाहिली, आता पहिल्यांदाच फळ्यासमोर.
निश्चय: वर्गात मराठीचा एक शब्द नाही. मुलांनी विचारायचं तेही इंग्रजीतच. हे आजवर कुणाला सुचलं कसं नाही?

९ डिसेंबर
पद्धत लागू पडली. वर्ग विलक्षण शांत. काहीही विचारलं की सगळे एका सुरात यस सर. सांगलीला क्रांतीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, तुमचं बोलणं थांबावं म्हणून मीही हो हो म्हणतेच की. बायकोला अध्यापनातलं कळत नाही.

१० डिसेंबर
शाळा सुटल्यावर दहावीचा जादा तास. वाडीवरून येणारी श्रद्धा सारखी उभी राहत होती. सर, ती एश्टी, एवढं म्हणाली की मी म्हणायचो, इन इंग्लिश. शेवटी बसली ती उठलीच नाही. चिकाटी कमी.

रात्री ८
शिपाई नाथाजीमामा खोलीवर येऊन गेले. श्रद्धाची शेवटची गाडी चुकली. मामांनीच तिला मोटरसायकलवरून वाडीला सोडलं. म्हणाले, आवं सर, पोरगी उठत हुती तर सोडायची की. मी म्हणालो, नीट विचारलं असतं तर सोडलं असतं.
तिने विचारलं होतं. मामांना हे सांगितलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार
श्रद्धा काल नाही, आज नाही. मामा म्हणाले, तिचा बाप बिराप्पा बिथरलाय. पोरगी अंधार पडल्यावर घरी येणार असंल तर साळा बास म्हणतोय. दहावीचं वर्ष, आणि माझ्यापायी.
आजच जाऊन चूक कबूल करायची. पण वह्या तपासायच्या होत्या. बऱ्याच कोऱ्या निघाल्या, तरी वेळ गेलाच.

१३ डिसेंबर
सकाळची शाळा, दुपार मोकळी. गेलो नाही. हा भित्रेपणा का? नाही, तयारी. माफीचं भाषण आधी इंग्रजीत लिहिलं, छान उतरलं. मग बिराप्पांसाठी मराठीत केलं. त्यात कुणी काय केलं ते फारच स्पष्ट दिसायला लागलं. थोडं मोघम केलं.

१४ डिसेंबर, रविवार
गेलो. बिराप्पा शेळ्यांना पाला टाकत होते. बसा म्हणाले, चहा सांगितला. मी आधुनिक शिक्षणपद्धतीवर बोललो. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, गुरुजी, ते ऱ्हाऊ द्या. त्या दिवशी पोरगी कुठं हुती? जादा तास हुता म्हणती. खरं काय ते तुमी सांगा.
श्रद्धा दारात उभी होती. तिने माझं नाव घरात घेतलंच नव्हतं. भाषण आठवेना. सांगून टाकलं: वर्गातच होती, जाऊ का विचारत होती, मी विचारू दिलं नाही.
बिराप्पांनी कप खाली ठेवला. पोरीकडे बघितलं. म्हणाले, लय बोललो गं तुला. मग माझ्याकडे वळून, उद्यापासनं येईल साळंला. फकस्त तुमच्या जादा तासाला बसणार न्हाई. राग मानू नका.
मानला नाही. येताना हलकं वाटलं. आता वर्गात मराठी चालू द्यावी का? खूप विचार केला. दोष पद्धतीचा नाही, अंमलबजावणीचा. नियम कायम.

१५ डिसेंबर
श्रद्धा आली. जादा तास सुरू होताच उभी राहून म्हणाली, सर, आय गो होम. वर्गातलं पहिलं स्वतंत्र इंग्रजी वाक्य. मी भारावून गो म्हणालो.
मग यशराज उभा राहिला. त्याचं घर शाळेच्या भिंतीला लागून आहे. पण वाक्य इंग्रजीत होतं, उच्चार स्वच्छ. नाही कसं म्हणणार? त्याच्यामागे अख्खी रांग.
मामा कुलूप घेऊन आले. म्हणाले, सर, आज लवकर? मी रिकाम्या बाकांकडे पाहिलं आणि सांगितलं, पोरं इंग्रजीत विचारायला लागलीत.