टाक्याएवढं अक्षर

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा घाईत, एकदा चष्मा शोधून आणि एकदा आजोबांना ऐकवायला. ते मध्येच झोपले, ते सोड. मी दुसरीपर्यंत शिकलेली, काना इकडचा तिकडे पडला तर हसू नकोस.

डोळ्यांचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलंय ना, चांगल्या उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी बांधून आळशी डाव्याला कामाला लावायचं? नाहीतर मेंदू त्याचं ऐकणंच सोडतो म्हणे. ते ऐकल्यापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. शिवायला बसते, चार टाके घालते, उठते. म्हणून तर ही पत्रं. पट्टी बांधूनच वाचायची. मागचं अक्षर बटणाएवढं होतं, हे काजाएवढं आहे, पुढचं टाक्याएवढं.

दुकानातली पट्टी तुला टोचायची, म्हणून सुट्टीत मी शिवून दिली तीच वापरतेस ना? आणि दोरीवरच्या मण्यांचा व्यायाम? मीही खिडकीच्या गजाला दोरी बांधलीय. जवळच्या मण्याकडे पाहिलं की लांबच्या एकाचे दोन दिसतात, तसेच दिसायला हवेत म्हणे. आजोबा म्हणाले, नवरेही दोन दिसत असतील तर एकाचं तरी ऐकत जा.

आणि हो, तू जाऊन महिना झाला, माझी मोठी कात्री तेव्हापासून गायब आहे. कुठे पाहिलीस का?

आईला सांभाळ, पत्राला उशीर करू नकोस.
तुझी आजी

९ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पट्टी बांधून एका दमात वाचलं. आई खूप खूश झाली. अजून बारीक लिही. कात्रीचं मला काही माहीत नाही.

आजोबांना नमस्कार. माझ्यावर रागावू नकोस.
भिंगरी

१५ फेब्रुवारी

चि. सौ. बायोस,
अ. उ. आ.

पोरीचं पत्र आलं तेव्हा मी अख्ख्या गल्लीला सांगत सुटले. समोरच्या इस्त्रीवाल्याला तर दोनदा. मग घरी येऊन भांडी घासताना मनात किडा वळवळला. महिन्यापूर्वी ज्या डोळ्याला दुकानाची पाटी दिसत नव्हती, तो एका दमात पत्र वाचतो? आणि रागावू नकोस असं ती का लिहिते?

तिच्या पट्टीची मलमल उरली होती. एका डोळ्यावर बांधली, दुसरा मिटला आणि तिचं पत्र समोर धरलं. सगळं वाचता आलं गं. नमस्कारापर्यंत.

डोळ्याला हवा लागावी म्हणून मी एकेरी मलमल घेतली. चाळीस वर्षं कापड हातात आहे, कुठल्या कापडाला अस्तर लागतं हे मी गिऱ्हाइकांना सांगते, आणि नातीच्या वेळी माझी अक्कल कुठे गेली? माझ्या लाडापायी सहा आठवडे वाया गेले. बाईंना विचार, अजून वेळ आहे का. तिला बोलू नकोस, मला बोल.

लगेच कळव, मला घास जात नाही.
आई

२० फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाई म्हणाल्या, आठ वर्षांची आहे, वेळ आहे, पण आता एक दिवसही चुकवायचा नाही. दहा मेला तपासणी. काल जाड रुमाल बांधला तर तिला तुझं बटणाएवढं अक्षरही लागेना. पत्र भिरकावून पलंगाखाली जाऊन बसली. तेव्हा रडत म्हणाली की आजीची पट्टी छान आहे, तिच्यातून दिसतं.

चूक तुझी एकटीची नाही. मी रोज तिच्यासमोर बसत होते, फोनमध्ये डोकं घालून. आता माझं ती ऐकत नाही. पट्टी तूच शिवून दे. कात्री नसेल तर ब्लेडने काप.

जेवत जा, तुझ्यावर आमची सगळी भिस्त आहे.
बायो

२६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

काळी पट्टी पाठवते आहे, दुहेरी. ब्लेडने कापल्यामुळे कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्यात. चुकले मी, तू नाही. म्हणून रोज दोन तास मीही बांधते. तेवढा वेळ शिवण बंद, नाहीतर कुणाच्या सदऱ्याला तीन बाह्या यायच्या.

आता पानावर एकच शब्द लिहीन, बशीएवढा. दिसला नाही तर नाही म्हणून कळव. मला खरं पत्र हवंय, छान नको. मात्र प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात टाक्याएवढ्या अक्षरात एक प्रश्न असेल, दर वेळी तोच. दिसेल तेव्हाच उत्तर दे. आईला विचारायचं नाही, तिलाही मी बजावलंय.

डोळा दुखला तर आईला सांग, हट्ट दुखला तर मला.
तुझी आजी

१२ मे

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

परवा तपासणी झाली. डाव्या डोळ्याने मी तक्त्यावरच्या आणखी दोन ओळी वाचल्या. पूर्ण बरा नाही झाला. बाई म्हणाल्या, पट्टी आणि मणी अजून चालू ठेवायचे. आई आता फोन दुसऱ्या खोलीत ठेवते.

तुझ्या अकरा पत्रांत कोपऱ्यात मुंगी मेल्यासारखं दिसायचं. मी तसंच कळवत होते. काल काळी पट्टी बांधून बाराव्या पत्राकडे खूप वेळ पाहिलं, तर मुंगीचे पाय सुटे झाले, मग अक्षरं झाली. आईला विचारलं नाही, शप्पत.

तू विचारलंयस, कात्री कुठे लपवलीस. आजोबांच्या जुन्या बुटांच्या खोक्यात, डाव्या बुटात. तू दुसरी, जाड पट्टी कापू नयेस म्हणून ठेवली होती.

आता काढ. काळी पट्टी सैल झालीय, नवी हवी. कडा सरळ काप.

तुझी वाट बघणारी,
भिंगरी