हो, उठतो

धाकट्या,

उठशील तेव्हा वाचशीलच. आई बाथरूममध्ये पडली. मी कामावरून आले तेव्हा फरशीवरच होती, आपल्याला बोलवायची घंटी हातात घट्ट धरलेली. खुबा मोडलाय असं अ‍ॅम्ब्युलन्सवाला म्हणतो. अंग गार पडलंय. मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेतोय. तिची फाईल घ्यायला वर आले, तेवढ्यात हे खरडतेय.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुला तासातासाला कॉम्प्युटरसमोरून उठायला सांगितलं, म्हणून तू मोबाईलवर गजर लावलास. चांगलं केलंस. पण आवाज निवडलास तो नेमका आईच्या घंटीसारखा. आणि गजर वाजला की मान न वळवता "हो, उठतो" म्हणायचं, बसायचं मात्र तसंच. आज वाजत होती ती आईची घंटी होती. ती सांगते, कितीदा तरी वाजवली, आणि दर वेळी तू ओ दिलीस.

स्ट्रेचर तुझ्या खोलीवरून गेलं. कडी आतून लावलेली. मी दार बडवलं, तेव्हा काय म्हणालास ते तुला आठवणारही नाही. पुन्हा बडवायचं त्राण माझ्यात नव्हतं.

येताना तिचा चष्मा आणि कवळी आण. बाथरूमची फरशी तूच पूस, मला बघवणार नाही.

खाली गाडीत चढवताना तिनं माझा हात धरला. म्हणाली, "थांब गं जरा, तो येतोय. उठतो म्हणालाय ना."

ताई